दातांना जिना कळत नाही

बुधवार, ४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू बजावलं होतंस की पहिल्याच दिवशी लिही, दुसऱ्या दिवसापासून माणूस आठवणींना इस्त्री करायला लागतो. म्हणून बसमधून उतरून हातपाय धुतले आणि लिहायला बसले.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आमचं कॉलेज दर बुधवारी एकेका फॅमिली डॉक्टरकडे पाठवतं. काही करायला नाही, नुसतं बघायला. माझ्या वाट्याला एक डॉक्टरबाई आल्या आहेत. साठीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात, आणि तरी दिवसातून चारदा 'माझा चष्मा कुठाय' म्हणतात.

मला एक स्टूल मिळालं आहे, वजनकाटा आणि बेसिन यांच्या मधोमध. वजन करायचं असलं की पेशंट म्हणतात 'जरा सरका', हात धुवायचे असले की डॉक्टरबाई म्हणतात 'जरा सरक'. आज मी एकोणीस वेळा सरकले. वैद्यकीय सेवेत माझा आजवरचा वाटा एवढाच.

नियम सांगितले ते असे. पेशंटला आधी विचारायचं की ही विद्यार्थिनी बसली तर चालेल का. नाही म्हणाले की मी मुकाट्याने बाहेर. कुणाचं नाव घरीदारी सांगायचं नाही. आणि तिसरा नियम त्यांच्याच शब्दांत: "पेशंट बोलत असताना तुझं तोंड बंद. पेशंट गप्प असताना तर अगदीच बंद."

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी कुणाचं तरी ह्रदय ऐकायला मिळेल. एका आजोबांचा कान दाखवला. आत कापूस होता. मार्चपासून.

तुझी,
खारूताई


मंगळवार, १० ऑक्टोबर

चि. खारूताई,

पत्र पोचलं. चुका सात. सहा किरकोळ आहेत, बसच्या धक्क्याने झाल्या असं धरते. सातवी मात्र गंभीर. 'हृदय' या शब्दात ह ला ऋ लावायचा असतो, तू र लावला आहेस. छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यात हा अवयव मी हजारदा तरी दुरुस्त केला असेल. डॉक्टर होणारीने निदान तो लिहिताना तरी बिघडवू नये.

तुझे बाबा विचारत होते, मी फोन का उचलत नाही. बोललेल्याचं प्रूफ काढता येत नाही, म्हणून. पत्रात चूक झाली तर खोडता येते. आणि फोनवर तुझे बाबा 'हं' शिवाय काही बोलतही नाहीत. तेवढ्यासाठी मी हातातलं काम का सोडू?

इकडे सगळं ठीक. इमारतीची लिफ्ट सहा आठवड्यांपासून बंद आहे. 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आहे. चालू आहे ते एवढंच. तिसरा मजला म्हणजे काही हिमालय नव्हे, मी सावकाश चढते.

डावीकडची खालची दाढ दुखत होती. दंतवैद्याकडे गेले. ते म्हणाले, किडलेलीच आहे, काढून टाकू. काढली. दुखणं आहे तिथेच आहे, दाढ मात्र नाही.

अभ्यास कर. जेवणाच्या वेळा पाळ.

आत्या


बुधवार, १८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हृदय, हृदय, हृदय. झालं?

तुझ्या दाढेबद्दल मी बराच विचार केला, कारण योगायोगाने आमचं शरीररचनेत आत्ता चेहऱ्याचंच प्रकरण चालू आहे. चेहऱ्यात एक मोठी नस असते, तिच्या तीन फांद्या. सगळ्यात खालची फांदी जबड्यातल्या दातांकडे जाते. आता गंमत अशी की मेंदूला नेमकी कुठली दाढ ओरडते आहे ते नेहमीच कळतं असं नाही. दुखते एक आणि वाटते शेजारची. तेव्हा तुझ्या दंतवैद्यांनी चुकीची दाढ काढली असणार. त्यांना शेजारची बघायला सांग. हवं तर मी फांद्यांची आकृती काढून पाठवते.

आज डॉक्टरबाईंनी मला दुपारनंतर बाहेर फायली लावायला बसवलं. दवाखान्याचं कामकाज सगळ्या बाजूंनी कळावं म्हणून. नोंदणीच्या टेबलावरच्या बाई फार चांगल्या आहेत. त्यांना नुसत्या खोकल्यावरून फाइल ओळखता येते.

तुझी,
खारूताई


शुक्रवार, २७ ऑक्टोबर

चि. खारूताई,

चुका दोन. प्रगती आहे.

तुझं पत्र घेऊनच दंतवैद्याकडे गेले. नसेचा परिच्छेद त्यांना वाचून दाखवला. त्यांना तो पटला. म्हणाले, मुलगी हुशार आहे, शेजारचीही तशी संशयास्पदच दिसते. तीही काढली. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी दात दाखवून घेतलं.

दुखणं अजून आहे. पण आता त्या बाजूला संशय घ्यायला फारसं कुणी उरलेलं नाही.

फायली लावायला बसवलं ते ठीक. का बसवलं ते लिहिलं नाहीस. मी आयुष्यभर दुसऱ्यांनी गाळलेलं शोधण्याचं काम केलं आहे, हे लक्षात असू दे.

बाकी बरं. दुसऱ्या मजल्यावर बसखात्यातले एक निवृत्त नियंत्रक राहतात. दारात कुंड्या ठेवतात. हल्ली येताजाता मी तिथे थांबते आणि त्यांच्याशी कुंड्यांविषयी बोलते. मला झाडांतलं काही कळत नाही, त्यांनाही नाही. तरी पाच-सात मिनिटं सहज जातात. उतारवयात माणूस समाजप्रिय होतो म्हणतात, ते खरं असावं.

आत्या


बुधवार, १ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

दुसरी दाढ माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी चारदा लिहून बघितलं, कसंही लिहिलं तरी तेच होतं. मला माफ कर. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणजे काय ते मला कळलं, पण हळकुंड माझं आणि दाढ तुझी.

फायलींचंही सांगते. त्या दिवशी एक बाई आल्या होत्या. थकवा येतो, केस गळतात, झोप लागत नाही, असं सांगत होत्या. त्या श्वास घ्यायला थांबल्या आणि मी स्टुलावरून म्हणाले, "थायरॉइड!" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या बाईंची वाट बघत राहिल्या. पण त्या बाई पुढे काही बोलल्याच नाहीत. "असेल बाई, थायरॉइड असेल," म्हणाल्या आणि रक्ततपासणीचा कागद घेऊन गेल्या. त्या गेल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तिची बहीण गेली. आज ती ते सांगायला आली होती. तू तिला तपासणी देऊन घरी पाठवलंस." मग मी फायली लावल्या. 'ड'पासून 'म'पर्यंत.

(रिपोर्टही आला. थायरॉइड उत्तम आहे.)

आज एक रंगारी आला होता. घरं रंगवणारा, पन्नाशीचा, नखांत पांढरा रंग. म्हणाला, डावा खांदा दुखतो, ब्रश मारून मारून लचकला असेल, मलम द्या. मी मनातल्या मनात लगेच खांद्याचे स्नायू मोजायला लागले. डॉक्टरबाईंनी मात्र 'कुठे दुखतं' विचारलंच नाही. "कधी दुखतं?" म्हणाल्या. तो म्हणाला, शिडी चढताना. "ब्रश मारताना?" नाही. "आणि थांबतं कशाने?" शिडीवरच जरा उभा राहिलो की थांबतं. त्यांनी खांद्याला हातही लावला नाही. थेट मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि त्याच्या मुलीला फोन करून बोलावून घेतलं. तो चिडला होता. मलमाचं काय, मलमाचं काय, असं दारापर्यंत विचारत होता.

बरं, मला एक गृहपाठ आहे. कुठल्याही एका दुखण्याची नीट हकिकत लिहून आणायची आहे. तुझी दाढ घेऊ का? कधी दुखते, काय करताना, कशाने थांबते, चावताना दुखते का, गार पाण्याने दुखते का, एवढं लिहून पाठव. काही विशेष नाही, नुसता गृहपाठ. पण लवकर पाठव.

तुझी,
खारूताई


मंगळवार, ७ नोव्हेंबर

चि. खारूताई,

चुका शून्य. फार जपून लिहिलेलं दिसतं.

गृहपाठ पुढीलप्रमाणे. शब्द बदलू नकोस.

चावताना दुखत नाही. गार पाण्याने नाही, गरम चहानेही नाही. बसून असताना दुखत नाही. घरात वावरताना नाही. जिना चढताना दुखते. एका मजल्याला अठरा पायऱ्या आहेत. सुरुवातीला दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दुखायला लागायची. उभं राहिलं की चार-पाच मिनिटांत थांबते. कुंड्यांचा विषय साधारण तेवढाच पुरतो. हातात पिशवी असली तर लवकर सुरू होते. एकदा बस पकडायला धावले तेव्हा सपाट रस्त्यावरही दुखली, आणि सकाळच्या गारव्यात घाम आला. गेल्या आठवड्यापासून पहिल्याच मजल्यावर सुरू होते. त्या मजल्यावर कुंड्या नाहीत, त्यामुळे मी तिथे पाट्या वाचते.

तुझ्या रंगाऱ्याची गोष्ट वाचली. शिडीवर चढणाऱ्याचं वेगळं, मी दोन दाढा काढून घेतलेली बाई आहे. माझं दुखणं दाखल्यासह दातांचंच आहे.

दुसऱ्या दाढेबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. मीच तोंड उघडून बसले होते.

आत्या


शनिवार, ११ नोव्हेंबर
(बाबांच्या हाती)

आत्या,

गृहपाठ वगैरे काही नव्हता. मी खोटं बोलले.

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी ते घेऊन दवाखान्यात गेले. आज माझा वार नव्हता. डॉक्टरबाईंनी दोन पेशंटांच्या मधे ते उभ्यानेच वाचलं. दंतवैद्याने दाढ काढल्याचं मागे सांगितलं तेव्हा हसल्या होत्या, या पत्राला हसल्या नाहीत. पाट्या वाचण्याचं वाक्य दोनदा वाचलं. मग विचारलं, "पत्र यायला किती दिवस लागले?" मी म्हटलं, चार. त्या म्हणाल्या, "फोन कर. आत्ताच्या आत्ता."

मी पाच वेळा केला. पाचव्यांदा तू उचललास, "शहाणपणा पुरे, दूध उतू जातंय" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मी डॉक्टरबाईंना सांगितलं की माझी आत्या छापील किंवा लिखित मजकुराशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. त्या म्हणाल्या, "मग लिखित देऊ." खाली त्यांचंच अक्षर आहे. बाबा दुपारच्या गाडीने हे घेऊन येतायत. ते 'हं'च म्हणतील, पण मी त्यांना सांगितलं आहे की तुला घेतल्याशिवाय हलायचं नाही.

आत्या, प्लीज.


बाई,

मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून रोगाचं नाव लिहीत नाही. पण जे दुखणं चढताना येतं आणि थांबल्यावर जातं, ते दाताचं असणं कठीण. दातांना जिना कळत नाही. तो हृदयाला कळतो, आणि त्याचं दुखणं कधीकधी जबड्यात उमटतं. ते आता लवकर येऊ लागलं आहे, म्हणून सोमवारची वाट बघू नका. भावाबरोबर आजच हृदयविकाराची सोय असलेल्या इस्पितळात जा आणि हा कागद दाखवा. जिना स्वतः उतरू नका. बसल्याजागी दुखायला लागलं तर भावाचीही वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा.

तुमची भाची अजून डॉक्टर नाही. पण तुमचं पत्र तिने नीट वाचलं आहे.

अक्षर वाईट आहे, माफ करा. घाई आहे.


शनिवार, २ डिसेंबर

चि. खारूताई,

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. हात ठीक होता, लिहायचं काय तेच ठरत नव्हतं.

तुझे बाबा दारात आले, कागद पुढे धरला आणि उभे राहिले. मी वाचला. म्हटलं, आधी चहा तरी घे. ते म्हणाले, "नको." मी म्हटलं, कपडे बदलते. ते म्हणाले, "नको." पन्नास वर्षांत माझ्या भावाने मला सलग दोनदा विरोध केलेला मला आठवत नाही. मी निघाले.

खाली नेणार कसं, हा प्रश्न होता. नियंत्रकांनी आपली लाकडी खुर्ची आणली. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने तुझे बाबा, आणि मी मधे, हातात पर्स घेऊन. तीन मजले वरात चालली होती. नियंत्रक प्रत्येक वळणावर 'सावकाश, सावकाश' म्हणत होते. बसला मागे घेताना म्हणत असतील तसंच.

इस्पितळात वायरी लावून आलेख काढला. रक्त घेतलं. मग मनगटातून एक नळी थेट हृदयापर्यंत घातली. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद, दुसरी निम्मी. तिथल्या तिथे वाहिन्या उघड्या ठेवणाऱ्या दोन बारीक जाळ्या बसवल्या. ते म्हणाले, अजून आठ-दहा दिवसांत काय झालं असतं सांगता येत नाही. मग म्हणाले, सांगता येतं, पण सांगत नाही. तुझे बाबा काचेपलीकडून बघत होते. आयुष्यभर पंप दुरुस्त केलेला माणूस, मला बाहेर आणल्यावर म्हणाले, "लाइन चोक होती. पंप चांगलाय." इतकी लांबलचक वाक्यं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली.

आता मुख्य.

तू मला तुझं खोटं कबूल केलंस, तेव्हा माझंही घे. मला दुसऱ्या मजल्यावर कळलं होतं. सप्टेंबरातच. नक्की काय ते नाही, पण हे दाताचं नाही एवढं कळलं होतं. तुझी आजी गेली तेव्हा तू जन्मली नव्हतीस. तिला 'अपचन' होतं. दोन महिने ती ओवा खात होती आणि जिन्यात थांबून शेजारणींशी बोलत होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं होतं, किती गप्पा मारतेस, आत ये.

म्हणून मी दंतवैद्याकडे गेले. साऱ्या डॉक्टरांत तो एकच असा की ज्याच्याकडून फार तर दात जाईल. तू नस सांगितलीस तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की शेजारची दाढ मी आनंदाने दिली. तेव्हा ती तुझ्या नावावर मांडू नकोस. चूक छापणाऱ्याची असते तशी, दिसूनही पुढे जाऊ देणाऱ्याचीही असते.

रोज सकाळी अर्धा तास सपाटीवर चालायला सांगितलं आहे. नियंत्रक बरोबर येतात. न थांबता चालायचं असल्यामुळे झाडांविषयी बोलावं लागत नाही. खरं म्हणजे त्यांना बोलण्यासारखं बरंच काही आहे असं दिसतं.

डॉक्टरबाईंना माझा नमस्कार सांग. अक्षर खरंच वाईट आहे. चूक एकही नव्हती.

आत्या


बुधवार, १३ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग आईला दिलं. तिने वाचून बाबांना दिलं. बाबा ते घेऊन गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत. आजीचं त्यांना माहीत होतं, पण सकाळचं ते वाक्य माहीत नव्हतं. "ही मला कधी बोलली नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी कुठे विचारलंत? मग मीच ओशाळले.

डॉक्टरबाईंना नमस्कार सांगितला. दुसऱ्या दाढेचंही सांगितलं, सगळं, आकृती काढून देणार होते तेही. मला वाटलं त्या म्हणतील की तू या कामाची नाहीस. मी तशी तयारी करून गेले होते. कॉलेज सोडण्याचा अर्जही अर्धा लिहिला होता, तुला ते सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा शोधला, घातला, आणि म्हणाल्या, "मी पहिल्या वर्षी माझ्या काकांना संधिवात झालाय म्हणून सांगितलं होतं. पाय मोडला होता." मग पुढच्या पेशंटला बोलावलं. त्यांच्याकडे सांत्वन म्हणून असतं ते एवढंच. मला पुरलं. अर्ज फाडला.

आज माझा शेवटचा बुधवार होता. अकरा वाजता दार उघडलं आणि आत बाबा.

ते मला काही बोलले नव्हते. कामावर जातो म्हणून निघाले होते. नोंदणीच्या टेबलावर नाव दिलं, वय एकोणसाठ लिहिलं, आणि रांगेत बसून राहिले, तासभर. मी आत स्टुलावर, ते बाहेर बाकावर, मधे एक भिंत.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दर पेशंटला विचारतात त्याच सुरात विचारलं, "ही विद्यार्थिनी आत बसली तर चालेल का?"

बाबा म्हणाले, "नाही."

मी उठले. दार लावून घेतलं. बाकावर बाबा बसले होते ती जागा रिकामी होती, तिथे बसले. शेजारी एक बाई तिच्या आईला घेऊन आली होती. तिने विचारलं, "तुमचं कोण आत आहे?" मी म्हटलं, वडील. ती म्हणाली, "काय होतंय त्यांना?" दहा आठवडे मी त्या भिंतीच्या आत असेच प्रश्न ऐकत होते. "माहीत नाही," म्हटलं. ती म्हणाली, "पुरुष सांगत नाहीत." आणि मला सरकायला सांगून तिच्या आईला माझ्या बाजूला टेकवून बसवलं.

आतून काही ऐकू येत नव्हतं. अधूनमधून डॉक्टरबाईंचा आवाज, एखादाच शब्द. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग बाबांचा आवाज. आत्या, बाबा बोलत होते. शब्द कळत नव्हते, पण ते थांबत नव्हते. बाबा इतकं बोलू शकतात हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. मी घड्याळ बघितलं. त्यांना चाळीस मिनिटं लागली. इतरांना आठ लागतात.

बाहेर आले तेव्हा हातात दोन कागद होते. एक आलेखाचा, एक रक्ततपासणीचा. डोळे लाल होते. डॉक्टरबाई दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आज तुझी सुट्टी. वडिलांना घेऊन जा."

रस्त्यावर आल्यावर मी बस थांब्याकडे वळले. बाबा म्हणाले, "चालत जाऊ. डॉक्टरबाईंना विचारलंय."

घर चार किलोमीटरवर आहे. आम्ही चालत आलो. त्यांनी वाटेत आजीचं काही सांगितलं, स्वतःचं काही, सगळं नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे, मी बरोबर जाणार आहे.

तुझी,
खारूताई